सारखे खोटे दावे लावणाऱ्याला कोर्ट कधी आवरते? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्याला ‘व्हेक्सेशस लिटिगंट’ (त्रासदायक दावे लावणारा, कज्जेखोर) ठरवले म्हणजे त्याचे नेमके काय होते?

त्याला तुरुंग होत नाही, दंड होत नाही, त्याची मालमत्ताही जात नाही. फक्त कोर्टाच्या दारात एक चौकी बसते. महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा त्रासदायक दावेबाजी प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली उच्च न्यायालयाने हुकूम केला, की त्या माणसाला नवा दिवाणी दावा किंवा फौजदारी फिर्याद थेट दाखल करता येत नाही. आधी परवानगी काढावी लागते. बृहन्मुंबईत ती उच्च न्यायालय देते, बाकी महाराष्ट्रात जिल्हा व सत्र न्यायाधीश. विट्याचा किंवा पाटणचा दावा असला तरी परवानगीचा विषय अनुक्रमे सांगलीच्या आणि साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो. हुकमाच्या आधी लावलेले आणि अजून चालू असलेले दावेही परवानगीशिवाय पुढे चालवता येत नाहीत. हा भाग अनेकांना माहीत नसतो, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिलासा तोच देतो.

हे ठरवते कोण? आमच्या तालुका कोर्टात अर्ज दिला तर चालेल?

नाही. असा हुकूम फक्त उच्च न्यायालय करू शकते, आणि तेही राज्याच्या महाधिवक्त्यांनी (राज्य सरकारचे मुख्य वकील, ॲडव्होकेट जनरल) अर्ज केला तर. तुम्ही कितीही पिडलेले असा, या कायद्याखाली स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही. महाधिवक्त्यांच्या कार्यालयाकडे कागदपत्रांसह निवेदन द्यायचे आणि त्यांना अर्ज करण्याची विनंती करायची, एवढेच तुमच्या हातात आहे. ते ‘हो’ म्हणतीलच असे नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू आहे. त्यामुळे इकडच्या प्रकरणांत वकील आणि पक्षकारांची मुंबईची खेप वाचते. महाधिवक्त्यांचे मुख्य कार्यालय मात्र मुंबईतच आहे.

किती दावे लावले की माणूस कज्जेखोर ठरतो? पाच? दहा?

कायद्यात आकडा नाही. न्यायालयाला दोन गोष्टींची खात्री पटावी लागते: दावे लावणे ही त्या माणसाची सवय झाली आहे, आणि त्यांना वाजवी कारण नाही. दोन्ही एकत्र हव्यात. ते एकाच माणसाविरुद्ध आहेत की वेगवेगळ्या माणसांविरुद्ध, दिवाणी आहेत की फौजदारी, याने फरक पडत नाही.

समजा, कोरेगाव तालुक्यातल्या एका सामाईक विहिरीवरून भाऊबंदकी आहे. धाकट्या भावाने वाटपाचा दावा लावला, तो हरला. अपील केले, तेही हरले. इथवर तो कज्जेखोर नाही. हरणे हा गुन्हा नव्हे. पुढे त्याने त्याच विहिरीसाठी मनाईचा दावा लावला. तो फेटाळला गेल्यावर वहिवाटीचा लावला, मग थोरल्याच्या मुलावर चोरीची खासगी फिर्याद केली, मग साक्ष देणाऱ्या शेजाऱ्यावर मारहाणीची, मग आधीचा निकाल फसवणुकीने मिळवला म्हणून तो रद्द करण्याचा दावा. वाद एकच आणि त्यावर निकालही झालेला, तरी तो दर वेळी नवा कपडा घालून कोर्टात येतो आहे. न्यायालय हेच बघते. उलट, ज्याची शेती पाच गावांत आहे आणि पाच वेगळ्या लोकांनी खरोखर पाच बांध कोरले आहेत, त्याचे पाच दावे म्हणजे पाच दावेच.

दावा हरलेला असणे आणि दावा त्रासदायक असणे, यात कोर्ट फरक कसा करते?

आधीच्या निकालांच्या भाषेवरून. म्हणूनच हा प्रश्न आमच्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उच्च न्यायालयापुढे अर्ज जातो तेव्हा वकील कितीही पोटतिडकीने बोलले तरी न्यायाधीश खालच्या कोर्टांचे निकाल वाचतात. निकालात ‘वादीने शाबीत केले नाही, सबब दावा नामंजूर’ एवढेच असेल, तर त्यावरून सवयही दिसत नाही आणि खोडसाळपणाही. पण ‘वादीला आधीचा निकाल माहीत होता, तो त्याने दाव्यात दडवला, हा दावा प्रतिवादीला छळण्यासाठी आहे’ असा निष्कर्ष असेल, तर तो एक निकाल साध्या चार निकालांच्या बरोबरीचा ठरतो. तेव्हा प्रत्येक दाव्यात नुसते जिंकू नका. तो का खोटा होता हे निकालात लिहून घ्या. ‘गेला एकदाचा’ म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे प्रतिवादी पुढच्या दाव्याच्या वेळी रिकाम्या हाताने उभे असतात.

ते लिहून कसे घ्यायचे?

कैफियतीपासून, म्हणजे दाव्याला तुम्ही दिलेल्या लेखी उत्तरापासून. दावा खोटा आणि त्रासदायक आहे आणि वादीला ते ठाऊक आहे, हा आक्षेप कैफियतीत स्वतंत्र परिच्छेदात घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली भरपाईचा खर्च मागायचा तर हा आक्षेप आधी घेतलेला असावा लागतो. युक्तिवादाच्या दिवशी तोंडी म्हणून भागत नाही. आधीच्या प्रत्येक दाव्याचा नंबर, कोर्ट, निकालाची तारीख आणि गट नंबर त्याच परिच्छेदात द्या आणि सही-शिक्क्याच्या नकला यादीसोबत जोडा. झेरॉक्सवर विसंबू नका. त्यावर मुद्दा (कोर्टाने निर्णय द्यायचा प्रश्न) काढण्याची विनंती करा, कारण मुद्दा निघाला की कोर्टाला त्यावर निष्कर्ष द्यावाच लागतो.

कलम ३५अ ची कमाल रक्कम ३,००० रुपये आहे. व्यापारी कोर्टांपुढच्या वादांत ही मर्यादा काढली आहे, शेतीच्या दाव्यात ती आहे तशीच आहे. लोक रक्कम बघून हसतात आणि मागणीच सोडून देतात, ते चूक. इथे पैसे दुय्यम आहेत. हा खर्च देताना दावा खोटा किंवा त्रासदायक का, याची कारणे कोर्टाला नोंदवावी लागतात. तुम्हाला हवी आहेत ती कारणे.

दावा मुळातच उडवून लावता येतो का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली येतो. दाव्याला कारणच नाही, किंवा तो कायद्यानेच बाधित आहे, असे दाव्याच्या मजकुरावरूनच दिसत असेल तर कोर्ट दावापत्र नाकारते. कागदोपत्री चलाखीने उभे केलेले दाव्याचे कारण मुळातच खुडून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिवाणी न्यायाधीशांना सांगितले आहे. पण इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हीत लोक पडतात.

पहिला: या अर्जाच्या वेळी कोर्ट फक्त दावापत्र आणि त्याच्यासोबतचे कागद बघते, तुमची कैफियत नाही. त्यामुळे ‘याच वादाचा निकाल आधी लागला आहे’ ही हरकत सहसा नियम ११ मध्ये बसत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. ती संहितेच्या कलम ११ ची (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालत नाही) हरकत आहे. आधीचे दावापत्र, कैफियत, मुद्दे आणि निकाल असे चारही कागद देऊन ती शाबीत करावी लागते. नुसता निकाल जोडला तर आधी नेमका कोणता मुद्दा ठरला होता हे दिसत नाही आणि हरकत लंगडी पडते.

दुसरा: नियम ११ खाली दावापत्र नाकारले तरी नियम १३ प्रमाणे तोच माणूस, मुदतीत असेल तर, नवा दावा लावू शकतो. मुरलेला कज्जेखोर नेमके तेच करतो.

त्याने मध्येच दावा काढून घेतला. सुटलो ना?

काढून घेताना नव्याने दावा लावण्याची परवानगी त्याने मागितली का, ते आधी बघा. ऑर्डर २३ नियम १ प्रमाणे अशा परवानगीशिवाय दावा मागे घेतला तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. परवानगी मिळाली तर दार उघडे राहते. म्हणून त्याच्या पुरशिसवर (कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनावर) किंवा अर्जावर तुमचे लेखी म्हणणे द्या: परवानगीला विरोध, आणि काढून घेतलेल्या दाव्याचाही कलम ३५अ खाली खर्च मागतो. हे कलम सोडून दिलेल्या आणि मागे घेतलेल्या दाव्यांनाही लागू आहे.

वादी तारखेला येतच नाही. आम्हीही जायचे सोडले तर चालेल?

अजिबात नाही. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा काढून टाकला गेला, तर ऑर्डर ९ नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. काढलेला दावा पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्जच करावा लागतो. पण दोघेही गैरहजर म्हणून काढला गेला, तर नियम ४ प्रमाणे तो सरळ नवा दावा लावू शकतो. उसाच्या तोडीच्या दिवसांत एक तारीख बुडवली म्हणून ही हरकत हातची जाते. रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘प्रतिवादी हजर’ अशी नोंद झाली आहे का, हे त्याच दिवशी बघून घ्या.

कॅव्हेट टाकून ठेवले की दावा अडतो, असे पारावर ऐकले आहे.

अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालच्या कॅव्हेटमुळे (कोर्टात आधीच देऊन ठेवलेल्या सूचनेमुळे) एवढेच होते, की तुमचे म्हणणे न ऐकता अंतरिम हुकूम होत नाही. दावा दाखल होतोच. कॅव्हेटची मुदत ९० दिवस. नंतर नवे टाकावे लागते. ज्याच्याकडून दाव्याची शक्यता आहे त्याला ते रजिस्टर पोस्टाने पोच-पावतीसह पाठवावे लागते. कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर अशा दोन्ही दिवाणी कोर्टांत दावा येण्याची शक्यता असेल तर दोन्हीकडे टाका. एवढे केले तर निशाणी ५ चा (दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा) एकतर्फी मनाई हुकूम टळतो, आणि कज्जेखोराचे निम्मे बळ त्या हुकमातच असते.

खोट्या फौजदारी फिर्यादींचे काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम २२३ प्रमाणे खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही पायरी नव्हती. अशी नोटीस आली की घाबरून घरी बसू नका. आधीच्या दिवाणी निकालांच्या आणि फेटाळलेल्या फिर्यादींच्या नकला तिथेच द्या. त्याच घटनेवर दुसरी फिर्याद फक्त अपवादात्मक परिस्थितीत चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ पासून सांगितले आहे.

प्रकरण पुढे गेलेच तर उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली ते रद्द करून मागता येते. आधी हे कलम ४८२ होते. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निकालात अशा रद्दबातलीचे सात प्रकार दिले आहेत. सूडबुद्धीने केलेली कारवाई हा त्यातला सातवा. दंडाधिकाऱ्यांनी तुम्हाला सोडले आणि आरोपाला वाजवी कारण नव्हते असे त्यांना वाटले, तर कलम २७३ खाली फिर्यादीकडून भरपाई देववता येते. ती त्याच निकालाच्या वेळी मागा. द्वेषापोटी खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईचा स्वतंत्र दिवाणी दावाही करता येतो, पण त्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त एक वर्ष आहे. बहुतेकांची ती आनंदात निघून जाते.

त्याने कोर्टात खोटे शपथपत्र दिले. मी त्याच्यावर थेट केस करू?

थेट नाही. कोर्टातल्या कामकाजात खोटा पुरावा देणे, किंवा खोटा दावा अप्रामाणिकपणे करणे (भारतीय न्याय संहितेचे अनुक्रमे कलम २२९ आणि २४६), याची फिर्याद ज्या कोर्टात ते घडले त्या कोर्टानेच करायची असते. तुम्ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टाला अर्ज द्यायचा. प्रत्येक चुकीच्या वाक्यावर असा अर्ज देऊ नका. कोर्टे त्याला कंटाळतात, आणि मग तुमच्यातच कज्जेखोर दिसायला लागतो. एक ठळक, कागदाने उघडी पडणारी गोष्ट निवडा. उदाहरणार्थ, ‘या मिळकतीबाबत आधी कोणताही दावा झालेला नाही’ हे शपथेवरचे वाक्य, आणि शेजारी आधीच्या तीन निकालांच्या नकला.

महाधिवक्त्यांकडे जायचे ठरवले. फाइल कशी लावायची?

आधी त्या माणसाचे सगळे दावे शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण तो एकेका न्यायालय संकुलाचा असतो. सांगलीत शोधून मिरज, तासगाव, विटा, जतचे सापडत नाहीत. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि वर्षवार शोध घ्यावा लागतो. निकाली आणि प्रलंबित दोन्ही बघा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळे पडते, म्हणून पाटील, जाधव अशा आडनावांच्या गावात वडिलांचे नावही ताडून पाहा. सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टिपा. फार जुने दावे ऑनलाइन दिसतीलच असे नाही. त्यांच्यासाठी त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज.

मग एक तक्ता करा. कोर्ट, नंबर, दाखल तारीख, कोणाविरुद्ध, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, मागणी काय, कोणता वाद पुन्हा आला, निकाल काय, कोर्टाचे शेरे कोणत्या परिच्छेदात, खर्च लावला का आणि भरला का, अपील झाले का. मधला स्तंभ, म्हणजे कोणता वाद पुन्हा आला, हा तक्त्याचा प्राण. महाधिवक्त्यांच्या कार्यालयात तीन हजार पाने कोणी वाचणार नाही. चार पानांचा तक्ता वाचतील आणि त्यावरून पाने उघडतील. प्रलंबित दावे तक्त्यात द्या, पण त्यांवर भिस्त ठेवू नका. निकाल न लागलेला दावा बिनबुडाचा होता असे कोणी कसे म्हणणार? तो प्रतिवादी असलेली प्रकरणे मोजू नका. तिथे तो खेचला गेला आहे, त्याने कोणाला खेचलेले नाही.

भावकीचा इतिहास, राजकारण, ग्रामपंचायतीची निवडणूक हे सगळे निवेदनातून काढून टाका. ते वाचले की हा दोन बाजूंचा वैराचा मामला आहे असा समज होतो आणि फाइल मागे पडते.

समोरच्याला म्हणणे मांडायची संधी मिळते का? हा कायदा घटनेत बसतो का?

मिळते. त्याला ऐकल्याशिवाय किंवा ऐकण्याची संधी दिल्याशिवाय हुकूम करता येत नाही, आणि गरिबीमुळे वकील देता येत नसेल तर त्याच्यासाठी वकील नेमण्याची तरतूद आहे. अशा प्रकारचा मद्रासचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९६५ मध्ये न्यायालयाने त्यामागचे तत्त्व मान्य केले: दार बंद होत नाही, परवानगीने उघडते. मुळात ही कल्पना इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यातली. हुकमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते.

हुकूम झाल्यावर त्याला खरोखरच न्याय हवा असेल तर?

परवानगीचा अर्ज करावा. हा दावा कोर्टाच्या प्रक्रियेचा गैरवापर नाही आणि त्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे, एवढे पटले की परवानगी मिळते. मुदतीचे गणित मात्र त्याने आधी करावे. दाव्याच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी मागणे ही स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड आहे. त्याच्यावर दुसऱ्याने दावा लावला तर बचाव करायला परवानगी लागत नाही. पोलिसांत तक्रार द्यायलाही नाही. तक्रार म्हणजे कोर्टातली कार्यवाही नव्हे.

मग तहसीलदार, प्रांत, माहिती अधिकार यांतले अर्ज थांबतील?

त्या आशेवर राहू नका. हा कायदा न्यायालयांतल्या कार्यवाहीबद्दल आहे. फेरफाराला हरकती, रस्त्याचे अर्ज, माहितीचे अर्ज त्या त्या कायद्याने लढवावे लागतात. फेरफाराच्या तक्रारी (वादग्रस्त) नोंदीत ‘दिवाणी दावा चालू आहे’ एवढेच कारण तो पुढे करत असेल, तर त्या दाव्यात मनाई हुकूम झालेला नाही हे दाखवणारी रोजनाम्याची नक्कल मंडळ अधिकाऱ्यांपुढे ठेवा.

जनहित याचिका करून सगळ्यांना वेठीला धरणारे असतात, त्यांचे?

तिथे या कायद्याची वाट बघावी लागत नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालये मोठा खर्च लावतात आणि पुढच्या याचिकांवर बंदीही घालतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका न्यासाला २५ लाखांचा खर्च लावला आणि जनहिताच्या नावाने पुन्हा याचिका करण्यास मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिकांसाठी २०१० पासून स्वतंत्र नियमही आहेत.

हा हुकूम कर्नाटकात चालतो का? जतहून अथणी काही लांब नाही.

महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्रापुरता. जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात लावावा लागतो, त्यामुळे जतच्या शेताचा दावा अथणीत जाऊ शकत नाही. पैशाचा किंवा अब्रुनुकसानीचा मात्र जाऊ शकतो. देशभर चालेल असा केंद्रीय कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २००५ मध्ये आपल्या १९२ व्या अहवालात केली होती. तो कायदा झालेला नाही.

हुकूम झाला, तरी बायकोच्या किंवा मुलाच्या नावाने दावा आला तर?

हुकूम त्या माणसावर असतो, कुटुंबावर नाही, आणि पळवाट इथेच सापडते. नव्या वादीला स्वतःचा वेगळा हक्क आहे का, की तो पहिल्याच्याच हक्कातून आला आहे, हे तपासा. त्याच हक्कातून आला असेल तर आधीचे निकाल कलम ११ प्रमाणे त्यालाही बांधतात. दावापत्रावर कुलमुखत्यार म्हणून त्याच जुन्या माणसाची सही असेल, तर उच्च न्यायालयाच्या हुकमाची नक्कल लावून पहिल्याच तारखेला अर्ज द्या. आणि दावा त्याच्याच नावावर परवानगीशिवाय दाखल झाला असेल, तर लांब कैफियतीची गरज नाही: हुकमाची नक्कल आणि एक पानी अर्ज पुरे, कारण अशी कार्यवाही कोर्टाने काढून टाकायची असे कायदाच सांगतो. दाखल करून घेणाऱ्या लिपिकाला हा हुकूम माहीत असेलच असे नाही. तो राजपत्रात छापला जातो. त्याची प्रत वकिलांकडे आणि घरीही ठेवा.